घर बघायला आलेले पाव्हणे

आष्ट्यात शालूबाईच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती, आणि राजीवरून तर नाहीच नाही. राजेश्वरी ही तिची थोरली. आता तिशीची. जन्मली तेव्हा डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोम सांगितलं, शेजारणींनी देवऋषी सांगितला, आणि सासूनं बजावलं, "कुणाला दाखवू नगंस." शालूबाई म्हणाली, "का? चोरून आणलीया व्हय मी?" आणि सव्वा महिन्याची पोर छातीशी धरून भर बाजारातनं चालत गेली.

पुढं पोरीच्या काळजाचं ऑपरेशन झालं. शाळेत घेईनात तेव्हा ही बया मास्तरांच्या टेबलासमोर फतकल मारून बसली. आज राजी रंगूबाईच्या भाकरी केंद्रात कामाला आहे. एकटी जाते, एकटी येते. पिठाचे उंडे तिनंच करायचे, दुसऱ्या कुणी केले तर थापणाऱ्या बायका कुरकुरतात. वाटेत कुणी गाडी आडवी लावली की कमरेवर हात ठेवून दम देते, "काढ की, म्हातारी पडंल!" आणि गाडी निघते बरं का! इतकं सुखाचं आयुष्य आष्ट्यातल्या धडधाकट माणसांत तरी कितीजणांचं होतं, सांगा.

मग धाकट्या ऋषिराजचं लग्न काढलं आणि तिथं माशी शिंकली. चार एकर ऊस, दारात ट्रॅक्टर, पोरगा निर्व्यसनी. पण शेती करणाऱ्याला हल्ली मुलगी देतंय कोण? त्यात तीन ठिकाणचे पाव्हणे घर बघून गेले, चहा प्याले, राजीकडं टकामका बघत बसले आणि परत फिरकले नाहीत. एकानं मध्यस्थाकडं बोलून दाखवलं, "घरात तसलं हाय. उद्या नातवंडं तशीच निघाली तर?" शालूबाईनं मध्यस्थाला उभा-आडवा झाडला. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलंय, हे घराण्यातनं उतरणारं नाही! मध्यस्थ गेला, पण ऋषिराज ताटावरनं उठला.

"आय, ह्या खेपंला आक्काला दिसू देऊ नगंस. मी काय जन्मभर असाच ऱ्हाऊ?"

शालूबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं. तिथंच ती हरली.

चौथे पाव्हणे तासगावकडचे. यायचे रविवारी, नेमकी केंद्राला सुट्टी. शालूबाई रंगूबाईला विचारायला गेली, राजीला दोन तास ठेवून घेशील का? रंगूबाई म्हणाली, "ठेवीन की. पण कुणी इचारलं तर मी खोटं बोलायची न्हाई. तुझ्याकडनंच शिकलो आमी." हे झोंबलं. शालूबाई तशीच माघारी आली आणि रविवारी राजीला मागल्या वैरणीच्या खोलीत बसवली. "गप बस. ऋषीचं लगीन जुळायचं हाय." राजी बिचारी खूष झाली.

सोप्यात पाव्हण्यांनी विचारलं, "लेकरं किती म्हणायची तुमाला?"

नवरा आप्पासो, फौजेत सोळा वर्षं काढलेला गडी, खाली मान घालून सुपारी कातरत बसला. शालूबाई म्हणाली, "एकच. ऋषिराज." जीभ कशी झडली नाही देव जाणे.

लग्न जुळलं. घरात पेढे वाटले. राजी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामाला गेली. शालूबाईला मात्र घास गिळेना. आठवडाभर स्वतःशी भांडली आणि शेवटी तिनं ठरवलं, येत्या रविवारी पाव्हणे याद्या करायला आले की सगळ्यांदेखत राजीला पुढं घालायचं. मोडलं तर मोडलं.

रविवारी जीप दारात लागली. ठेवणीतली अबोली साडी हातावर घेऊन शालूबाई राजीला शोधायला लागली. माजघरात नाही, न्हाणीत नाही. वैरणीच्या खोलीत बघते तर राजी कडब्याच्या पेंढ्यांमागं, गुडघे पोटाशी घेऊन. कुणी बसवलं नव्हतं. जीपचा आवाज ऐकला आणि आपली आपण जाऊन बसली होती.

"राजे, ऊठ. ही साडी नेस. भाईर चल माझ्यासंगं."

राजीनं ओठावर बोट ठेवलं. "मी न्हाई हितं," ती हळूच म्हणाली. "तुला एकच हाय."

 लपायचं त्या पोरीला दुसऱ्यांदा सांगावंसुद्धा लागलं नव्हतं. शालूबाईनं हात धरून ओढलं, राजी जागची हलेना. उलट आईचीच समजूत घालायला लागली. "ऋषीचं लगीन मोडंल गं. जा तू. मी रडत न्हाई."

सोप्यातनं हाक आली, "आवं इनबाई, कुठं गेलासा? याद्या ल्ह्यायच्या हायत."

तीस वर्षं अख्ख्या गावाशी भांडलेली ती बाई. "आले, आले," म्हणाली. साडी पेंढीवर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि जाताना दार ओढून घेतलं.