बिडी की बडी?

माझं कानडी जेवणापुरतं. 'अन्न' म्हणजे भात, 'सारु' म्हणजे आमटी, 'साकु' म्हणजे पुरे, एवढ्या भांडवलावर मी उमरग्याच्या बाजारात कानडी गिऱ्हाइकांना कापड विकायचो, आणि वर पंडिताचा आव आणायचो. निजामाच्या अमलातली गोष्ट. मी तेव्हा पंचविशीचा. शेजारी माझा मित्र आणि त्याची बायको मिरच्या विकायचे. वहिनी माहेरच्या कानडी. रागावल्या की मराठी विसरायच्या, आणि मला पाहिलं की रागवायच्या. दिवसभर आमची जुगलबंदी चाले.

एका बाजाराच्या दिवशी, बाजाराची वसुली करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाचा घोडा म्हाताऱ्या कुंभाराच्या मडक्यांत अडखळला. माणूस खाली उतरला आणि म्हाताऱ्याला चाबकानं झोडपू लागला. शंभर माणसं बघत उभी. मीही त्यातलाच, हातात कापड मोजायचा लोखंडी गज, पण पाय हलेनात. एवढ्यात वहिनी उठून ओरडल्या. मला ऐकू आलं, "बडी! बडी!"

हे मला येत होतं! बडी म्हणजे मार. मी "वहिनींचा हुकूम!" अशी आरोळी ठोकली, उडी घेतली आणि गज त्याच्या मनगटावर हाणला. चाबूक मिरच्यांत पडला. लोकांनी काय टाळ्या पिटल्या! मी चक्क वाकून नमस्कार केला.

वहिनींनी कपाळावर हात मारला. "भावजी, बिडी म्हटलं वो मी! सोडा, सोडा म्हटलं त्याला!"

मित्र म्हणाला, "लेका, एका वेलांटीनं घात केलास."

"पण म्हातारा वाचला का न्हाय?"

"तो चाबूकवाला थांबलाच होता," वहिनी म्हणाल्या. "हात खाली येत होता त्याचा."

"फटका मारायलाच येत होता!"

ठेकेदारानं न्याय केला. मी म्हणजे नुसता हात, हुकूम बाईचा. आरोळी सगळ्या बाजारानं ऐकलेली. मला कान धरायला लावून सोडलं आणि त्या दोघांना फर्मावलं, "कल से तुम लोगां बाजार में नक्को." मी वेलांटीची गोष्ट हातवारे करून तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा तो पोट धरून हसला. हुकूम मात्र तोच राहिला.

दोघं वहिनींच्या माहेरी निघाले. गाडी वळेपर्यंत आम्ही भांडत होतो.

"थांबला होता!"

"थांबला नव्हता!"

दुसऱ्याला मार पडताना आपण हात उचलावा का, असं कुणी विचारलं तर मी आजही छाती काढून सांगतो, उचलावा. म्हाताऱ्याच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत. पण तो चाबकाचा हात नेमका कसा खाली येत होता, हे मला आता शपथेवर सांगता येणार नाही. आणि ते सांगू शकणारं माणूस माझ्याच आरोळीनं बाजारातून उठलं.

निजाम गेला, ठेकेदारही गेला. मी वहिनींच्या माहेरी निरोप धाडला, तर दोघं तिथूनही पुढं कुठंतरी गेलेले. आता त्यांच्या जागेवर एक बांगडीवाला बसतो. भला माणूस, मी काहीही म्हटलं तरी "बरोबर आहे" म्हणतो. वहिनींनी एकदा यावं आणि मला खोटं पाडावं. मी हरायला तयार आहे. लगेच नाही हरणार; बाजार उठेपर्यंत तरी ताणीन.