पेवातली हळद

मला हिशेब येतो, अशी माझी वडूजला असेपर्यंत खात्री होती. आसपासच्या दहा गावांत माझ्याइतकी झटपट बेरीज करणारा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची मी स्वतः काळजी घेत असे. लढाई संपून वर्ष झालं होतं, तेव्हा मी सांगलीला जमाखर्चाच्या वर्गात दाखल झालो. लग्नाला दोन वर्षं झालेली. बायको वडूजला, मी सांगलीत चौघांच्या खोलीत. नोकरी लागली की वेगळी खोली घ्यायची आणि तिला घेऊन यायचं, एवढंच माझं ध्येय होतं. स्वातंत्र्याचं बघायला देशात बाकीचे पुष्कळ लोक होते.

आमच्या मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा एक नव्हती. सकाळी पाठांतर : देणाऱ्याचे जमा, घेणाऱ्याचे नावे. दुपारी लुटुपुटूचा बाजार. निम्मा वर्ग व्यापारी, निम्मा गिऱ्हाईक, आणि पैसे म्हणून चिंचोके. कुणी उधार न्यायचं, कुणी माल परत आणायचा, मध्येच मास्तर ओरडायचे, "पावसात दोन पोती भिजली, लिहा!" आणि शनिवारी हळदपेठेत जाऊन हमालांना, तोलाऱ्यांना निदान दहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत लिहून आणायची.

पाठांतरात मी पहिला. चिंचोक्यांचा मात्र मला संताप यायचा. मिशा फुटलेल्या माणसांनी चिंचोके मोजत बसायचं म्हणजे काय! शनिवारी मी पेठेत चहा प्यायचो आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या तासगावच्या गड्याची उत्तरं उतरवून घ्यायचो. हा गडी बेरीज बोटांवर करायचा, पण चौकशा फार. हमालाला त्याच्या पोराबाळांपासून विचारत सुटायचा. मी त्याला म्हणायचो, "गड्या, तू हमाल होणार." तो हसायचा. हसण्यातही तो सावकाशच होता.

वर्ष संपता संपता एका अडतदुकानाच्या शेठनी मास्तरांकडे कारकून मागितला. मास्तरांनी आम्हा दोघांची नावं दिली. शेठ म्हणाले, दोघांनी एकेक पेव उघडताना हजर राहावं, निघालेल्या मालाची वही लिहावी, मग बघू.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. सांगलीची हळद त्यात वर्ष-वर्ष राहते. माझ्या पेवात एका शेतकऱ्याची एकशे वीस मण हळद ठेवल्याची शेठच्या जुन्या वहीत नोंद होती. पेवाचं तोंड उघडलं, आतली कोंडलेली हवा जाऊ दिली, कंदील आत सोडून तो विझत नाही हे पाहिलं, मग हमाल उतरले. मी काट्याजवळ ऐटीत बसून पोतं-पोतं लिहून घेतलं. बेरीज केली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. एकशे बावीस मण, वर तेरा शेर!

पुन्हा केली. खालून वर केली. तीच. आमच्या वडूजकडे पेवात ज्वारी ठेवतात. तिला कीड लागते, ती घटते, हे मला ठाऊक होतं. पण जमिनीत पुरलेला माल वाढतो हे मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. म्हणजे चूक माझी. हमाल तिथेच तंबाखू मळत बसले होते. त्यांना विचारायला काय हरकत होती? पण बेरजेत पहिला येणारा माणूस हमालाला विचारणार? मी कोपऱ्यात गेलो, पोत्यापोत्याचे थोडे थोडे शेर कमी केले आणि मेळ चोख बसवला. एकशे वीस मण. त्याच संध्याकाळी बायकोला पत्र टाकलं : खोली पाहिली आहे, ये.

चार दिवसांनी मास्तरांना आणि आम्हा दोघांना बोलावून शेठनी दोन्ही वह्या उघडल्या. तासगावकराच्या वहीत तीन मण जास्त आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात ओळ : 'वाढ कशाने, ते हमालांना विचारले. ते म्हणतात, पेवात हळद ओल धरते आणि वजनाला भरते.' शेठनी मान डोलावली. मग माझी वही घेतली आणि म्हणाले, "पेवातनं हळद जशीच्या तशी निघाल्याली मी जन्मात बघितली न्हाई. तुमी काटा बघून लिवलं का वही बघून?" मास्तर खाली बघत होते. नोकरी तासगावकराला मिळाली. मला त्याचा राग आला, हे कबूल करतो. स्वतःचा राग यायला आणखी एक रात्र लागली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायको सर्व्हिस मोटारीतून ट्रंक घेऊन उतरली. भावाने तिला वडूजला मोटारीत बसवून दिलं होतं. चेहरा असा फुललेला, की मला तोंड लपवावंसं वाटलं. तिथेच मोटारतळावर मी तिला सगळं सांगितलं. चेहरा उतरला तिचा, पण रडली नाही.

"आवं," ती म्हणाली, "पायलीभर बाजरी दळली की पीठ पायलीच्या वर भरतंय. म्हणून वरचं पीठ मी फेकून देती व्हय?"

तिने पदर सारखा केला.

"आन् ती दोन मण हळद? ज्याची व्हती त्याला त्याचं पैसं मिळालं का?"

मला माहीत नव्हतं. पाच दिवसांत नोकरी, खोली, माझी अब्रू, सगळ्याचा विचार मी केला होता. त्या शेतकऱ्याचं नावसुद्धा मला आठवेना, आणि ते मीच माझ्या वळणदार अक्षरात वहीच्या डोक्यावर लिहिलेलं होतं. इतकी लाज मला शेठसमोरही वाटली नव्हती.

"मी विचारलंच नाही गं," मी म्हणालो.

तिने ट्रंक उचलून माझ्या हातात दिली.

"मग खोलीचं ऱ्हाऊ द्या. आदी त्या शेठकडं चला."