दोराचं दुसरं टोक

हर्सूलच्या तलावावर विसर्जनाच्या बंदोबस्ताला दरवर्षी तेच एक हवालदार असायचे. पाण्यात उतरण्याआधी ते कंबरेला दोर बांधायचे आणि दुसरं टोक आमच्या महिला मंडळाकडे द्यायचे.

"ताई, मोबाईल ठेवा खिशात. मी लई जड हाय, सोडू नका!"

आम्ही हसायचो, पण दोर घट्ट धरायचो.

गेल्या वर्षी पलीकडच्या काठाला एक माणूस बुडताना त्यांना दिसला. तिथं दोर धरायला कुणी नव्हतं, तरी त्यांनी उडी घेतली. माणूस वाचला, हवालदार गेले.

यंदा मी दोन्ही काठांवर गट नेमले. प्रत्येक पोहणाऱ्यामागं दोर धरणाऱ्या चौघी. संध्याकाळी पलीकडच्याच काठाला एक तरुण घसरला. आमचा पोहणारा उतरला, आम्ही ओढलं, दोघंही जिवंत बाहेर आले.

ढोलांच्या गजरावर आवाज चढवून मी ओरडले, "हवालदारसाहेब, सोडला नाय!"