तीन मणांचं दाबयंत्र

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा आमच्या घरामागे एक पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये हे विजेच्या मोटारी बनवत. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. विहिरींवर तेलाच्या इंजिनांच्या जागी विजेचे पंप बसू लागले होते आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला ज्याला त्याला कारखाना काढावासा वाटत होता. ह्यांनाही वाटलं.

मोटार म्हणजे आत भरीव लोखंड असेल अशी माझी समजूत. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात ती काढून टाकली. लोखंड भरीव ठेवलं तर वीज त्यातच उगाच भोवऱ्यासारखी फिरत राहते आणि मोटार चुलीसारखी तापते. म्हणून ते पातळ पत्र्यांच्या चकत्यांचं करायचं, प्रत्येक चकतीला वार्निश लावायचं आणि पापडांसारखी चळत रचायची. इथवर मला कळलं. पुढची गोष्ट अवघड होती. ही चळत इतकी घट्ट दाबायची की शेकडो चकत्यांचा एकच गोळा व्हावा, आणि दाबलेली असतानाच तिच्यातून आरपार रिबिटा, म्हणजे बिनआट्यांचे खिळे, ठोकून ती कायमची बांधायची. जरा सैल राहिली की मोटार सुरू झाल्यावर चकत्या थरथरतात, गुणगुणतात, आणि शेवटी तारेचं वेष्टण कुरतडून मोटार जाळतात. कडेनं झाळून टाका की, असं मी सुचवलं होतं. ह्यांनी ते आधीच करून पाहिलं होतं. झाळलं की पत्रे पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा चूल पेटते.

दाबायला चांगलं यंत्र हवं होतं, ते आमच्याकडे नव्हतं. मग ह्यांनी एक अडकित्ता बनवला. भंगारात मिळालेला रुळाचा लांब तुकडा एका बाजूला जमिनीतल्या खांबाला बिजागरीनं बांधला, बिजागरीजवळ सुपारीच्या जागी पत्र्यांची चळत ठेवली, आणि दुसऱ्या टोकाला वजन. तिकडे थोडं वजन टाकलं की इकडे त्याच्या कितीतरी पट दाब यायचा. आधी दगड ठेवून पाहिले. पण एकदा दाबून काम भागत नसे. दाबायचं, सोडायचं, चकत्या सरळ करायच्या, पुन्हा दाबायचं. दर वेळी दगड चढवा-उतरवायला सगळे लागत, आणि एकदा त्यातला एक आमच्या मिस्त्रींच्या पायावर पडला. मिस्त्री कासारवाडीचे, वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. रिबिटा ठोकायचं काम त्यांचं. पाय चोळत ते ह्यांना म्हणाले की दगडाला ऊठ म्हणता येत नाही, इथे ऐकणारं वजन पाहिजे.

त्यावरून पैलवान आले.

ते ताथवड्याचे. एके काळी जत्रांमधून कुस्त्या मारलेल्या, पण गुडघा गेल्यावर आखाडा सुटला. शरीर मात्र सुटलं नव्हतं. दारातून आत येताना त्यांना जरा तिरकं व्हावं लागे. ह्यांनी त्यांना काम समजावून सांगितलं : टोकाच्या फळीवर बसायचं आणि सांगितलं की उठायचं. पैलवानांनी बराच वेळ रुळाकडे पाहिलं. मग त्यांनी एवढंच विचारलं की बसल्यावर काय करायचं. काही नाही, हे म्हणाले. पैलवानांना ते पटायला दोन दिवस लागले.

कामाच्या पहिल्याच दिवशी भांडण झालं. चाचा हातोडा उचलून "बस!" म्हणाले आणि पैलवान बसलेच नाहीत. म्हशीला म्हनत्यात तसं आमाला म्हनायचं न्हाई, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तडजोड झाली. तेव्हापासून आमच्या शेडमधून दिवसभर दरबारात असावा तसा पुकारा ऐकू यायचा. "पैलवान, बसावं." मग रुळाची करकर, हातोड्याचे ठोके, आणि पुन्हा "पैलवान, उठावं." शेजारच्या बायकांना वाटे आमच्याकडे रोज पाहुणे येतात.

पैलवानांचं जेवण माझ्याकडे आलं. यंत्राला तेल-पाणी करावं, तसं मी त्यांना भाकरी, तूप, दूध आणि शेंगदाणे घालत असे. वाढताना हे डोकावून जायचे. पैलवान पोटभर जेवले का, हे त्यांनी जितक्या काळजीनं विचारलं तितकं मला कधी विचारलं नाही.

श्रावणात गडबड झाली. पंप बनवणाऱ्या ज्या कंपनीला आम्ही मोटारी देत होतो, तिनं काही मोटारी गुणगुणतात म्हणून परत पाठवल्या. हे त्यांना कान लावून बसले. विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं की त्या सगळ्या सोमवारी बांधलेल्या होत्या, आणि पैलवान श्रावणी सोमवार कडक करत. मी म्हटलं, एका उपासानं माणूस कितीसा हलका होणार? ते म्हणाले, टोकाला शेरभर कमी झालं की चळतीवर मणभर कमी होतं. चाचांचं मत निराळं होतं. उपाशी माणूस चुळबुळ करतो, म्हणून चकत्या सरकतात. खरं काय ते देव जाणे. उपास मोडा असं कोण सांगणार? शेवटी मी सोमवारी खिचडी, रताळी आणि गुळाचे लाडू असा दणदणीत फराळ सुरू केला, की पैलवान इतर दिवसांपेक्षा सोमवारीच जड भरू लागले. गुणगुण थांबली.

पण त्या तक्रारीमुळे कंपनीचा तपासणीस आमच्याकडे आला. सडपातळ, खाकी हाफपँट, गंभीर चेहरा. त्यांच्या कंपनीचे नियम होते की माल बनवणाऱ्याकडची यंत्रं पाहायची. त्यानं चकत्या पाहिल्या, वार्निश पाहिलं आणि दाबयंत्र कुठे आहे असं विचारलं. ह्यांनी रूळ दाखवला. टोकाला पैलवान बसले होते. तपासणीस हसला नाही. त्यानं रुळाभोवती एक फेरी मारली, पैलवानांना नमस्कार केला आणि ह्यांना दोन दोष सांगितले. एक, यंत्राच्या हलत्या भागाभोवती कठडा नाही. दोन, यंत्रावर क्षमता लिहिलेली नाही.

कठडा दोन दिवसांत झाला. लोखंडी पट्ट्यांचा, लाल रंगाचा, आणि पैलवानांना आत जायला एक फाटक. क्षमता मात्र कोणाला ठाऊक नव्हती. हे पैलवानांना घेऊन पिंपरीच्या लाकडाच्या वखारीत गेले. तिथल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात पैलवान मांडी घालून बसले आणि दुसऱ्यात वखारवाल्यानं वजनं चढवली. तो व्यवहाराचा पक्का माणूस. लाकूड ओलं की वाळलेलं हे विचारायची त्याला सवय, म्हणून त्यानं विचारलं की हे जेवणाआधीचं धरायचं की नंतरचं. ह्यांनी नंतरचं धरलं. परत आल्यावर पत्र्याच्या पाटीवर रंगवून घेतलं : दाबयंत्र. क्षमता पक्के तीन मण. जवळ येऊ नये.

पैलवानांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडून पाटी वाचून घेतली आणि शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. ती त्यांना फार आवडली. त्यानंतर ते फाटक लावल्याशिवाय बसत नसत.

वर्षभर असं सुरळीत चाललं. मग पैलवानांना कावीळ झाली.

महिनाभर ते ताथवड्याला पडून होते. तूप बंद, दूध बंद, नुसतं ताक आणि उसाचा रस. परत आले ते सरळ दारातून आत आले, तिरकं व्हावं लागलं नाही. सदरा अंगावर लोंबत होता. ह्यांनी सांगितलं की अजून विश्रांती घ्या. पैलवानांनी मान हलवली, फाटक उघडलं, आत जाऊन फळीवर बसले आणि चाचांच्या पुकाऱ्याची वाट पाहू लागले. त्याच सुमाराला कंपनीची मोठी मागणी आली होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

आश्चर्य म्हणजे चळत चांगली दाबली जात होती. ह्यांना वाटलं, माणूस बारीक दिसला तरी हाडात वजन असतं. इकडे मी दोन दिवस माझा वरवंटा शोधत होते. पाटा जागेवर, वरवंटा गायब. शेजारी विचारून झालं, विहिरीवर पाहून झालं. तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये चहा घेऊन गेले. चाचा "पैलवान, उठावं" म्हणाले, पैलवान उठले, आणि त्यांच्या धोतरातून माझा वरवंटा फरशीवर पडला. मागोमाग एक लोखंडी माप आणि जात्याच्या दगडाची तुटकी पाळ.

पैलवान खाली पाहत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, चोरी न्हाई केली. वजनाला घेतला व्हता."

मी वरवंटा उचलला आणि पदरानं पुसला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. जो माणूस गावात आपल्या वजनावर ओळखला जायचा, तो ते वजन माझ्या स्वयंपाकघरातून उचलून आणत होता.

दगड मांडीवर उघड बांधून पाहिले, पण आजारातून उठलेल्या पैलवानांचं त्राण त्या तीन दिवसांच्या लपवलेल्या ओझ्यानंच संपलं होतं, त्यांना ते घेऊन उठता येईना. उठणारं वजन हवं होतं, म्हणजे माणूसच हवा होता. चाचांना ठोकायचं काम, ह्यांना चकत्या धरायचं, आणि तारा गुंडाळणारा कामगार इतका काटकुळा की तो बसला काय नि उभा राहिला काय. ह्यांची नजर शेडभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मला सातवा महिना होता. ह्यांनी घसा साफ केला आणि लग्न झाल्यापासून कधी न विचारलेला प्रश्न विचारला. तुझं वजन साधारण किती असेल?

सासूबाई तेव्हा नणंदेकडे पुण्याला होत्या, नाहीतर हे घडलंच नसतं. रूळ जेमतेम वीतभर खाली जायचा, भीतीचं काही नव्हतं. ह्यांनी फळीवर गोधडी घातली. पैलवानांनी मर्यादा म्हणून माझ्याकडे पाठ केली, मीही त्यांच्याकडे पाठ केली. चाचांनी जरा विचार करून पुकारा बदलला. "पैलवान, बसावं. वहिनी, बसावं." आम्ही बसलो. रूळ करकरला, चकत्या एक झाल्या, ठोके सुरू झाले. त्या ठोक्यांनी पोटातलं बाळ लाथा मारू लागलं. मी थांबा म्हटलं की चाचा हातोडा वरच धरून उभे राहायचे, आणि पैलवान पाठमोरेच विचारायचे, "झालं का त्याचं?" झालं म्हटलं की पुढचा ठोका.

असं चालू असताना एका दुपारी तो तपासणीस पुन्हा आला.

तो लाल कठड्याबाहेर उभा राहिला. त्यानं पाटी वाचली. मग आत पाहिलं. एका फळीवर पाठीला पाठ लावून एक वाळलेला पैलवान आणि एक गरोदर बाई, दोघंही गंभीर, आणि वर हातोडा धरलेले चाचा. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मध्येच उठले असते तर चळत सरकली असती. मी बसून राहिले.

यंत्रात बदल केलेला दिसतो, तपासणीस म्हणाला. ह्यांनी सांगितलं की मूळ भाग आजारी आहे, म्हणून जोडभाग बसवलाय.

"कायमचा आहे का?"

"नाही," हे म्हणाले. "दोन महिन्यांत कमी होईल."

तपासणीसानं मान डोलावली. त्यानं तयार मोटारी एकेक करून चालू करून पाहिल्या, पेचकस मोटारीच्या अंगाला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला. एकही गुणगुणली नाही. सगळा माल त्यानं पास केला. तो निघताना चाचांनी "वहिनी, उठावं" म्हटल्यावर मी उठले, तेव्हा तो माझ्यासमोर आला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला. घरी त्याच्या बायकोलाही दिवस गेले आहेत, असं तो म्हणाला. मग ह्यांना बाजूला घेऊन त्यानं सांगितलं की त्यांच्या कारखान्याच्या कोपऱ्यात स्क्रूचं एक जुनं दाबयंत्र गंजत पडलंय, ते तो कंपनीकडे मागून मिळवून देईल. तोवर पाटीवरचा आकडा तेवढा बरोबर करून घ्या.

पाटी बदलायच्या आत यंत्रच आलं. बैलगाडीतून. त्याला वरती मोठं चाक होतं, ते फिरवलं की स्क्रू खाली येऊन चळत दाबायचा. पैलवानांची तब्येत सुधारली होती, ह्यांनी त्यांना चाकावर नेमलं. महिनाभर त्यांनी चाक फिरवलं. मग एक दिवस ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि जातो म्हणाले. कामात काही खोट नव्हती, पण समदं यंत्रच करतं, आपण नुसतं भोवती नाचायचं, ते त्यांना झेपत नव्हतं. मी त्यांना लाडवांचा डबा दिला. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

मुलगी झाली, ती वर्षाची झाल्यावर आम्ही तिला घेऊन ताथवड्याला गेलो. पैलवान पुन्हा भरले होते. अंगणात बाजेवर बसून वांग्यांची राखण करत होते. मुलीला त्यांनी मांडीवर घेतलं, तिचा अंदाज घेतल्यासारखं एकदा वर-खाली केलं. बरं चाललंय का, असं ह्यांनी विचारलं. पैलवान म्हणाले, बरं हाय, पर बसल्याबसल्या कायबी दाबलं जात न्हाई, मग बसायला मन लागत न्हाई. त्यांच्या बायकोनं आम्हाला पिशवीभर कोवळी वांगी दिली. परतताना गावात बस मिळाली नाही, म्हणून फाट्यापर्यंत पैलवान सोडायला आले आणि मुलीला शेवटपर्यंत त्यांनीच कडेवर घेतलं होतं.