प्रज्ञाच्या मायचा रोल

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. आज तुम्हाला सांगून राहिलो — काऊन, ते मलाच धड समजत नाही.

गोंदियात माझा स्टुडिओ. फिल्म धुणारे सगळे बसले, तरी माझी डार्करूम चालू होती. आणि तोंड तर त्याहून चालू! जुना रोल हातात आला की नुसता बघून छातीठोक सांगायचो, हा अमक्या कंपनीचा. लोक माना डोलवायचे.

एक दिवस दरेकशाहून प्रज्ञा आली. तिचा बाप रेल्वेत होता, नुकताच वारला. त्याच्या पेटीत रंगीत स्लाइडचा एक रोल निघाला — फोटो काढलेले, पण धुतलेला नाही. यात तुझी माय आहे, असं तो तिला नेहमी सांगायचा; पण टपालात हरवला तर, या भीतीनं त्यानं तो धुवायला कधी पाठवलाच नाही. प्रज्ञा रांगत होती तेव्हाच तिची माय गेली. घरात मायचा दुसरा फोटो नाही.

"काका, माय दिसल का जी?"

दिसल म्हणजे? बोलल! — असं म्हणालो मी. असं!

रोलवर नागपूरच्या एका दुकानाचं लेबल होतं. आता दुकानदार काय फिल्म बनवतो? दुसऱ्याची घेऊन आपलं नाव चिकटवतो. पोत्यावर छाप एकाचा, आत तांदूळ दुसऱ्याचा — राइस मिलच्या गावात जन्म गेला माझा, मला हे कळू नये? कळत होतं हो. रोलचं मागचं कोरं टोक अंधारात कापायचं, आधी तेवढंच धुवायचं. काठावर खऱ्या कारखान्याचं नाव उमटतं. साधं काम. पण मी तर प्रज्ञासमोर नुसता बघूनच कंपनी सांगून बसलो होतो. मग टोक कशाला कापू?

फिल्म निघाली जुन्या पद्धतीची, थंड रसायनात धुवायची. मी सांगितलेल्या कंपनीची समजून गरमात घातली. शेवटच्या पाण्यात वरचा थर सायीसारखा सुटला. एक तुकडा तळहातावर आला — त्यात एक बाई, कडेवर पोर, हसून राहिली. बघता बघता बोटांतून मोरीत गेली.

आणि प्रज्ञाला काय सांगितलं? तुझ्या बापानं मधेच कॅमेरा उघडला, उजेड लागला, सगळं उडालं. पुरावा म्हणून थर सुटून उरलेली कोरी पट्टी तिच्या हातात दिली. मेलेला माणूस थोडाच भांडायला येतो? थू माझ्या जिंदगीवर.

ती रडली नाही. बापावर चिडली. "एवढी वर्सं मले आशेवर ठेवलं बाबानं," म्हणाली आणि निघून गेली.

परवा बाजारात दिसली, लेकीला घेऊन. लेक विचारत होती, तुझी माय कशी होती? प्रज्ञा म्हणाली, "कोणाले माहीत, बाई."

मी शेजारीच उभा होतो. हसताना प्रज्ञाच्या मायच्या डाव्या गालाला खळी पडायची. मला माहीत आहे. मी वांगी निवडत राहिलो.