उन्हातला बर्फ
परवा आमच्या ब्लॉकखाली कठड्यांना पिवळा ऑइलपेंट लावत होते, आणि त्या वासासरशी मी चांगीकडच्या एका जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊन पोचले. ते आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या चिनी अंकलचं. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन कॅनडात गेली होती. तिच्या दारातला बर्फ सारायला त्यांनी जहाजाच्या भंगारात आलेला एक स्नो प्लाऊ, म्हणजे पिकअपच्या पुढे बसवायचं भलंमोठं लोखंडी पातं, गंज खरवडून, सांधून, रंगवून नवाकोरा केला होता. मी शिकायला थंड देशात राहिलेली, म्हणून तो चालवून बघताना मला बोलावलं. बर्फ मासळीवाल्याकडून आणला होता. भर उन्हात त्याचा चुरा अंगणभर पसरला, त्यातून धुकं उठलं आणि त्या धुक्यातून अंकलची पिकअप संथपणे पुढे आली. पात्यापुढे एक पांढरी लाट सरकत गेली. "असाच असतो का?" अंकलनी खिडकीतून विचारलं. "याहून हलका, कापसासारखा," मी म्हटलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, आंटी, चपला काढून त्या ढिगात जाऊन उभ्या राहिल्या. अंकल इथल्या बोलीतला 'लाह' जोडत ओरडले, "पाय गारठतील लाह, बाहेर ये!" आंटी हलल्या नाहीत. "थांब जरा. तिला काय सोसावं लागतं ते मला कळू दे." मग बर्फाचं पाणी होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. यंदा माझी लेक तसल्याच थंड गावी शिकायला निघाली आहे. काल सेरंगूनच्या मॉलमध्ये तिच्यासाठी लोकरी हातमोजे घेतले, आणि ते हातात चढवून मी बराच वेळ तशीच उभी राहिले.