हात खाली, मूर्ती वर

चंदीगडला मी बागा बघायला गेले नव्हते. तरी त्याही पुष्कळ बघून झाल्या, कारण राग आला की मी चालत सुटते.

गेले होते मैत्रिणीसाठी. वैदेही कोल्हापूरची, शिल्पकार. तिथल्या एका जुन्या खाजगी संग्रहालयाने (नाव मुद्दाम लिहीत नाही) प्राचीन दगडी मूर्तींच्या दालनात आजच्या शिल्पकारांची कामं मांडायचं ठरवलं आणि तिचं काम निवडलं. दालनातल्या एका मूर्तीचे दोन्ही हात कधीचे तुटलेत. वैदेहीने भाजक्या मातीचे दोन हात घडवले, त्या मूर्तीपुढे पावलाच्या अंतरावर ठेवायला. किती भट्ट्या फुकट गेल्या, ते मी पाहिलंय. मूर्ती समोर नसेल तर ते नुसते दोन हात.

पुण्याहून विमानाने गेलो. मोहालीत माझा मावसभाऊ निखिल आयटीत आहे, त्याच्याकडे उतरलो. तुम्हीही मोहालीतच राहा. ॲपवर कॅब पटकन मिळते, सेक्टरचा आकडा सांगितला की पुरतं. सकाळी गाडीवर छोले-कुलचे खा. वर लस्सी घेतलीत तर दुपारचं जेवण विसरा.

उद्घाटनाला पोचलो तर हात खाली, दाराजवळच्या टेबलावर! लाल मखमल, झेंडूच्या माळा, मागे बॅनर. मूर्ती वरच्या मजल्यावर. माझ्या डोक्यात सणकच गेली. व्यवस्थापकबाई मात्र शांत.

"चीफ गेस्ट सीनियर हैं जी, सीढ़ियाँ कैसे चढ़ेंगे? फंक्शन तो यहीं होगा."

"म्हणजे पाहुण्यांसाठी शिल्पाने जिना उतरायचा?" मी मराठीतच ओरडले.

"ताई, यार, यांच्याशी भांडून उपयोग नाही," निखिल म्हणाला. "पाहुण्यांनाच विचारू ना."

पाहुणे आले. निवृत्त फौजी, ताठ. वैदेहीने मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं.

"बेटा, मैं रोज़ सुखना लेक का पूरा चक्कर लगाता हूँ. मुझसे किसी ने पूछा?" असं म्हणून ते कठडा न धरता जिना चढले. मागोमाग हात वर गेले. मूर्तीपुढे ठेवले, बरोबर पावलाच्या अंतरावर. पाहुणे बराच वेळ बघत राहिले. वैदेही रडत होती. मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय! आम्ही परतल्यावर पुढच्याच रविवारी निखिल तिथे गेला, तर हात पुन्हा खाली. कारण विचारलं तर म्हणे, "यहाँ फोटो अच्छा आता है जी, ऊपर लोग कम जाते हैं." अहो, मग लोकांना वर पाठवा की! जुन्या मूर्तीपुढे नवं काम कशासाठी मांडतात? दोन्ही एकत्र बघता यावं म्हणूनच ना? दाराशी शोभाच हवी होती तर नर्सरीतून कुंडी आणायची. निमंत्रणपत्रिकेवर मात्र 'परंपरेशी संवाद' असं ठळक छापलं होतं. डोंबलाचा संवाद!

वैदेहीने काम परत मागवलं. परवा कोल्हापुरात खोकं आलं, उघडायला मी होते. पॅकिंग उत्तम, साधा ओरखडा नाही. तेवढ्यात तिच्या फोनवर व्यवस्थापकबाईंचा मेसेज आला, काम नीट पोचलं ना?

तिने लिहिलं, "हाथ पहुँच गए. काम वहीं रह गया."